पिक्सेल कुठल्या पानावर

९ फेब्रुवारी

प्रशांतदादाचा परत फोन. "करुणा, ते पिक्सेलचं काय झालं?"
"बघून राहिले दादा."
"त्यात बघायचं काय? एक कोड तर टाकायचा."

कोड एकच, बराबर आहे. टाकायला चहा थंड होण्याइतका पण वेळ लागत नाही. पण कुठून टाकायचा, हे त्याला समजून घ्यायचं नाही. दवाखाना डॉ. शोभाताईंचा. पण नोकर-चाकर, औषधं, बिलं, जाहिरात सगळं त्यांच्या या धाकट्या भावाकडे, म्हणून ऐकून घ्यावं लागतं. बायपासला नवा मोठा दवाखाना झालाय, चौकाचौकात त्यांची पोस्टरं. दादाची झोप उडालीय. वेबसाइटवर कोण येतं, काय बघतं ते कळलं की त्याच लोकांना मोबाईलवर आपली जाहिरात दाखवायची, असं संभाजीनगरच्या जाहिरातवाल्यानं, रोहननं, त्याच्या डोक्यात भरवलंय.

वेबसाइट मी बनवली. गेल्या वर्षी, पुण्याची नोकरी सोडून घरी आल्यावर पहिलं काम. त्यातलं "मनातलं विचारा" हे पान ताईंच्या सांगण्यावरून. बाया नाव न लिहिता विचारतात. पाळी, तांबी, अंगावरून जाणं, नवऱ्याचं दारू पिऊन येणं. ताई रोज संध्याकाळी उत्तरं लिहितात.

त्या पानावर पिक्सेल?

१० फेब्रु.

सकाळी आईनं हाक मारली तरी उठले नाही, वही घेऊन बसले. रस्ते चार दिसतात. मीच नावं ठेवली, दादाला समजावायला.

हात: ज्या पानावर पाहिजे त्याच पानात मी स्वतः कोड टाकायचा. बाकी पानं कोरी. किचकट. नवं पान आलं की परत माझ्याकडे यायचं.

बटण: तयार प्लगइन. दाबलं की सगळ्या पानांवर आपोआप. सगळ्या म्हणजे सगळ्या.

डबा: टॅग मॅनेजर. साइटवर एक रिकामा डबा ठेवायचा, त्यात काय टाकायचं ते बाहेरून ठरतं. ज्याच्याकडे किल्ली तो मालक. रोहनला हाच पाहिजे, आणि किल्लीही.

खिडकी: साइटनं थेट जाहिरात कंपनीला काही सांगायचंच नाही. आधी आमच्या सर्व्हरला सांगायचं, मग त्यातलं जेवढं आम्ही ठरवू तेवढंच पुढं. कोणतं पान पाहिलं ते नाही, फक्त "कुणीतरी वेळ घेतली" एवढं. मला हीच पटते. पण मी कधी केलेली नाही. वेळ लागेल. चुकलं तर माझंच नाव.

१२ फेब्रु.

ओपीडीच्या मधल्या वेळात ताईंना गाठलं. हात धुता धुता ऐकलं त्यांनी. पिक्सेल म्हणजे पानावरचा न दिसणारा ठिपका, असं सांगितलं. पान उघडलं की तो कंपनीला कळवतो, या मोबाईलवाल्यानं हे पान पाहिलं.

"म्हणजे दारामागं उभं राहून ऐकणं झालं की."
"तसंच समजा."
"मग लावायचाच काहून?"

दादा तिथंच. "ताई, तिकडचे लोक लावूनच बसलेत. आपण सोवळ्यात बसू." ताई हसल्या नाहीत. बाहेर एक बाई कळा देत होती, त्या गेल्या. जाता जाता, "करुणा, तू बघ. बायांचं नाव बाहेर जाता कामा नये."

नाव जाणारच नाही. नाव कुठं लागतं त्यांना.

रोहनचाही फोन येऊन गेला. "मॅडम, डबा टाका आणि किल्ली द्या, आम्ही सांभाळतो. सगळे क्लायंट असेच करतात." आवाज गोड. मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांबा.

१६ फेब्रु.

मंगलचा फोन, मिस्ड कॉल देऊन. मामाची मंगल, साखऱ्याला दिलेली. तिच्याकडं बटणाचा मोबाईल, त्यात बॅलन्स नाही. मी लावला.

कुजबुजतच बोलली. तांबीचा त्रास. अंगावरून जास्त जातंय, कंबर दुखतीय. डिसेंबरात मीच नेलं होतं ताईंकडे, तांबी बसवायला. घरी सांगितलं पोटात दुखतं म्हणून. दोन पोरी झाल्या, सासूला नातू पाहिजे, मंगलला श्वास घ्यायला दोन वर्षं पाहिजेत. एवढंच आहे ते.

"ताईंना फोन लावून देऊ?"
"नको ग, घरभर माणसं. हरभरा काढायला सगळे घरीच."
"मग साइटवर लिही ना. नाव लिहू नको, कुणाला कळत नाही."
"मव्हा मोबाईल असला. ह्यांच्यावरून लिहू?"
"लिही. लिहून झालं की पान बंद कर."

संध्याकाळी ताईंचं उत्तर दिसलं. पहिले महिने असं होतं, घाबरू नका, वाढलं तर लगेच या. वाचून बरं वाटलं. पान कामाचं आहे.

१८ फेब्रु.

खिडकीचा अभ्यास. अर्धं समजलं. आखाडा बाळापूरच्या कृषी केंद्राचं काम राहून गेलंय, ते ओरडून राहिले. उद्या जाऊन येते.

२० फेब्रु.

सकाळी साइट उघडली तर हळू चालली. आत जाऊन पाहिलं, प्लगइन. मी टाकलेलं नाही. बटण. रविवारपासून चालू, म्हणजे पंधरा तारखेपासून. साइटचा पासवर्ड दादाकडे असतोच, मालक आहेत.

फोन लावला. "दादा, तुमी टाकलं?"
"रोहननं सांगितलं तसं दाबलं. तू सोमवार सोमवार करून राहिली होतीस. काही बिघडलं नाही ना, चालू आहे ना साइट?"

सगळ्या पानांवर. "मनातलं विचारा" वर. तांबीच्या पानावर. पानाच्या पत्त्यातच तांबी असं लिहिलंय, मीच लिहिलंय, गूगलात सापडावं म्हणून.

लगेच काढलं. दादाला न विचारता. पण काढलं म्हणून गेलेलं परत येत नाही.

आणि मग आठवलं. मंगलनं सोळाला लिहिलं. दाजींच्या मोबाईलवरून.

२० फेब्रु., दुपार

मंगलला लावला. बंद. परत लावला. बंद.

रोहनला विचारलं, त्या पानांवर आलेल्यांना काय दाखवताय? तो खुशीत. "मॅडम, ज्यानं जे पाहिलं त्याला तेच. तांबीवाल्यांना तांबीची, पाळीवाल्यांना पाळीची. मस्त रिझल्ट आहे."
"बंद करा."
"दादांनी सांगितलं तर करतो."

दादा परभणीला लग्नात. फोन उचलत नाही. ताई ऑपरेशनमध्ये. नर्सजवळ निरोप ठेवला, तातडीचं आहे म्हणून. नर्स म्हणाली, "पेशंट आहे का?" काय सांगू.

आई: "जेव तरी." भाकरी तशीच.

२१ फेब्रु.

ताईंनी सकाळी स्वतः फोन केला. सगळं सांगितलं, मंगलचं नाव न घेता. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग, "प्रशांतला मी बघते." अर्ध्या तासानं रोहनचा मेसेज, जाहिरात थांबवली. खाली हिरमुसल्यासारखं, "चांगली चालली होती."

मंगलचा फोन बंदच.

२२ फेब्रु.

ओळख नसलेला नंबर. मंगल. शेजारणीच्या मोबाईलवरून.

"करुणा, ते आलं ग मोबाईलात."
"काय आलं?"
"तांबी बसवल्यावर त्रास होतोय का, असं. ताईंच्या दवाखान्याचं नाव. हे भाव बघत होते हरभऱ्याचे, मधी ते आलं. परवा परत आलं, काल सकाळी परत. सासूनं विचारलं, ह्यालाच काहून येऊन राहिलं?"
"तू काय म्हटलीस?"
"मी म्हटलं मला काय माहीत. माझा मोबाईल काढून घेतला."

मागून कुणाचा तरी आवाज. ठेवला तिनं.

मी तिला म्हटलं होतं, कुणाला कळत नाही. मीच.

२४ फेब्रु.

साखऱ्याला जाऊन आले. सेनगावपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपमध्ये गोरेगावच्या बाजाराच्या बाया, पोती, एक शेळी. वाटेत ठरवत होते काय बोलायचं, एकही वाक्य जुळलं नाही.

अंगणात हरभऱ्याचा ढीग. मंगल बडवत होती. वर बघितलं नाही. सासू, कौसामावशी, पदर डोक्यावर ओढून ओसरीत. "जयभीम, या." पाणी दिलं, चहा टाकला, सगळं बराबर. चहा पिऊन झाल्यावर विचारलं.

"तुमी त्या दवाखान्याचं मोबाईलाचं काम करता ना?"
"हो मावशी."
"मग सांगा. त्यायची जाहिरात आमच्या संदीपलाच काहून?"

मी म्हटलं, "सगळ्यांना येते, मावशी. जाहिरात आहे ती."

दाजी उंबऱ्यात उभे होते. शांत माणूस, आवाज चढवत नाहीत. "सगळ्याला न्हाई येत, करुणाताई. गणेशच्या मोबाईलाला न्हाई, सुभाषच्या न्हाई. मी विचारून आलो सगळ्याला. मलाच येते." मग हळूच, "बघितल्याशिवाय येत न्हाई म्हणतेत. मी तर बघितलं न्हाई."

मंगलची काठी थांबली. एवढंच. मग परत चालू.

मी खरं सांगितलं तर मंगल अडकते. खोटं त्यांनी आधीच पकडलेलं. मी म्हटलं, "साइटमध्ये चूक झाली होती, दाजी. ज्यांना नाही यायला पाहिजे त्यांना गेली. आम्ही बंद केली." हे खरंच आहे. पण त्यांना पाहिजे तेवढं खरं नाही.

कौसामावशी: "चूक मोबाईलाची की माणसाची, ते कळंल."

निघताना मंगल गोठ्यापाशी भेटली. लहानी कडेवर. "तू नको येऊ आता," म्हणाली. रागानं नाही. मला राग चालला असता.

२६ फेब्रु.

आज दवाखान्यात मी दादासोबत बसले होते, खिडकीचा खर्च-वेळ समजावत. दाजी आले. एकटे. स्वच्छ शर्ट, हातात टोपी. मला पाहिलं, मान हलवली, सरळ ताईंच्या दारात. दार उघडंच.

"मॅडम, मंगल संदीप, साखरा. तिला तांबी हाय का, तेवढं सांगा."

ताईंनी चष्मा काढला. "बसा."
"बसत न्हाई. तेवढं सांगा."
"मी कुणाच्याच बायकोचं कुणाला सांगत नाही. तुमचं पण कुणाला सांगणार नाही."
"मी नवरा हाय तिचा."
"म्हणूनच तिला विचारा."
"विचारलं. रडते."

बाकावरची एक म्हातारी खोकायची थांबली. ताई उठून दारापर्यंत आल्या. "तिला त्रास असेल तर घेऊन या. तपासते. तपासताना तुम्ही बाहेर बसायचं. एवढं चालत असेल तर आणा."

दाजी वळले आणि गेले. टोपी डोक्यावर घातलीच नाही.

दादाचा चेहरा उतरला होता. तो काही वाईट माणूस नाही, हे आज लिहून ठेवते. "हीच का ती?" मी वही मिटली. तो म्हणाला, "मला काय माहीत असं होतं."

मग पाणी पिऊन, "तेवढं पान सोडून लाव ना मग. डॉक्टरांची माहिती, पत्ता, वेळा, तिथं लाव. तिथं कुणाचं काय जातं?"
"बाई पत्ता बघायच्या आधी कुठलं पान बघून आली, ते पण कळतं, दादा."
"मग काय लावायचंच नाही? आम्ही आंधळं होऊन बसायचं?"

त्यालाही उत्तर पाहिजे. बायपासवर पेशंट जातायत हे खोटं नाही. मागच्या महिन्यात एक सिस्टर तिकडं गेली.

२८ फेब्रु.

तिघं बसलो. ताई, दादा, मी. खोलीचं दार लावून.

मी सांगितलं: बटण कधीच नाही. डबा ठेवायचा असेल तर किल्ली दवाखान्याबाहेर जाणार नाही, म्हणजे रोहनला नको, म्हणजे त्याला डब्याचा उपयोग नाही. हातानं टाकायचं तर दोनच पानांवर, आणि तिथंही आधीच्या पानाचा माग पुसून. नाहीतर खिडकी.

ताई: "खिडकीत काय बाहेर जाईल?"
"कुणीतरी वेळ घेतली. बस."
"कुणी, ते?"
"ते पाठवलं नाही तर जाहिरातीला जवळपास काहीच उपयोग नाही, असं रोहन म्हणेल."
दादा: "म्हणेल नाही. म्हणलाच. आत्ताच बोललो त्याच्याशी."

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. "तुला काय वाटतं?"

वाटण्याचं काय. मला वाटतं या दवाखान्याला पिक्सेल नकोच. पण ते म्हटलं की दादा म्हणणार, तुला काय, तुझं दुकान नाही हे. आणि ते खोटं नसेल. मी म्हटलं, "मी खिडकी करून देते. पण प्रश्नांची सगळी पानं त्यातून बाहेर. कायमची. लेखी."
दादा: "लेखी काहून? विश्वास नाही?"
"तुमच्यावर आहे. तुमच्यानंतर येणाऱ्यावर नाही."

ताई म्हणाल्या, विचार करते. नर्सनं हाक मारली. उठल्या.

सध्या साइट कोरी. "मनातलं विचारा" वर वीस तारखेपासून एकही प्रश्न नाही. योगायोग असेल. बाया पीक काढायच्या हंगामात लिहीत नाहीत असं ताई म्हणतात. मला तसं वाटत नाही. गावात बोलणं पसरतं.

२ मार्च

मंगलचा निरोप, शेजारणीकडून. "उद्या येऊन राहिलो दोघं. तू पण ये." तू पण ये, हे तिनं सांगितलं की शेजारणीनं जोडलं? परत विचारायची हिंमत नाही झाली.

रोहनचा मेल. उद्यापर्यंत कळवा, नाहीतर काम बंद समजतो. दादानं मला फॉरवर्ड केला. वर काही लिहिलं नाही.

आईला सगळं सांगितलं आज. ती गव्हातले खडे वेचत होती. म्हणाली, "पोरीच्या पोटाचं मोबाईलात काहून गेलं, तेच मला समजून न्हाई राहिलं." मलाही नीट सांगता आलं नाही. कोड सांगता येतो.

३ मार्च

आले. मंगल, दाजी, लहानी. थोरली सासूपाशी ठेवलेली.

ताईंनी मंगलला आत घेतलं, दार लावलं. लहानी माझ्या मांडीवर. दाजी बाकावर, मधे एक जागा सोडून. पंखा कुरकुरत होता.

मग दाजी म्हणाले, समोर भिंतीकडं बघत, "मला जाहिरातीनं सांगितलं, ताई. तिनं न्हाई सांगितलं. त्याची तकलीफ हाय."
मी लहानीला दुसऱ्या मांडीवर घेतलं.
"मी काय मारलं असतं काय तिला?"
"नाही दाजी."
"मग काहून न्हाई सांगितलं?"

आईंमुळे, म्हणायचं होतं. तुम्ही आईंना काही बोलत नाही, म्हणून. म्हणाले नाही. ते मंगलचं आहे, माझं नाही. लहानीनं माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं, ते काढून घेत बसले.

ते म्हणाले, "आई विचारंल घरी गेल्यावर. काय सांगू?"
"मंगलला विचारा, काय सांगायचं ते."
त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

दार उघडलं. मंगल बाहेर आली. चेहऱ्यावरून काहीच कळेना. फिल्टरपाशी जाऊन पाणी प्यायली, पेला विसळून उपडा ठेवला. लहानीला माझ्याकडून घेतलं. दाजी उठून उभे राहिले, वाट बघत होते ती काही बोलेल म्हणून.

"चला," ती म्हणाली, "जीप सुटल."

ताई दारात. मी त्यांच्याकडं पाहिलं, त्यांनी पुढची चिठ्ठी हातात घेतली आणि नाव पुकारलं.

रस्त्यापर्यंत गेले मी त्यांच्या मागं. दाजींनी लहानीला घेतलं, मंगल आधी चढली, त्यांनी खाली उभं राहून काहीतरी विचारलं तिला. तिनं वाकून उत्तर दिलं. लांब दिलं. ऐकू आलं नाही. ते चढले, जीप सुटली.

तांबी काढली की ठेवली, मला माहीत नाही. विचारणार नाही.

वर आले तर दादा माझ्या खुर्चीपाशी उभा. "रोहनला काय सांगू?"